बारशाचे नाव नोंदवहीत कधी जाणार?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बाळांसाठी नवी, वेगळी, दोन-तीन अक्षरी नावे सुचवणाऱ्या याद्या आपल्या पुरवणीत अलीकडे वरचेवर प्रसिद्ध होत आहेत. त्या आवडीने वाचल्या जातात, कात्रणे करून ठेवली जातात आणि त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून सुनेच्या माहेरीही पोहोचतात, हे मी गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावात राहून पाहतो आहे. या याद्यांना माझा आक्षेप नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की नाव कोणते ठेवावे यावर घरोघरी महिना-महिना खल होतो. परंतु ठरलेले नाव जन्माच्या नोंदवहीत केव्हा जावे, कोणत्या अक्षरांनी जावे आणि ते तेथे खरोखर गेले की नाही, याची चौकशी फारच थोडी माणसे करतात, आणि त्याचा त्रास त्या मुलाला दहावी-बारावीपर्यंत, कधी कधी नोकरीला लागेपर्यंत भोगावा लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये उमर गेल्यामुळे आणि शाळेचे जनरल रजिस्टर वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने लिहिल्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो आहे. जागा अधिक व्यापली तर आपण काटछाट करालच.

आपल्याकडे नाव ठेवणे हे एकट्या आईबापांचे काम कधीच नव्हते. बाराव्या दिवशी, आणि तेव्हा जमले नाही तर पुढे महिन्या-दोन महिन्यांनी सवडीने, पाळणा बांधला जातो. दगडी वरवंट्याला टोपरे घालून आधी तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवला जातो. मग बाळाला या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात देताना ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ असे म्हटले जाते, आणि शेवटी आत्या बाळाच्या कानाशी वाकून ‘कुर्र’ करून नाव सांगते. त्याच क्षणी जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. त्यांतले एक-दोन जुन्या हिशेबाचेही असतात, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी मनावर घेत नाही. घुगऱ्या वाटल्या की नाव गावभर होते. त्या नावाला कागद लागत नसे, कारण गावच त्याचे साक्षीदार असे. आत्याने सांगितलेले नाव बहुधा आधीच आजी-आजोबांच्या संमतीने ठरलेले असे. तरीही मान आत्याचा, आणि तो डावलला तर पुढची अनेक लग्नकार्ये त्या रुसव्यात जात.

त्या नावांमधून प्रदेश दिसत असे. परळीच्या पट्ट्यात वैजनाथ, औंढ्याकडे नागनाथ, अंबाजोगाईच्या परिसरात योगेश्वरी, माहूरकडे रेणुका, तुळजापूरच्या भक्तांच्या घरी तुळजाराम आणि अंबादास, पैठणच्या गोदाकाठी एकनाथ, तेरच्या आसपास गोरोबा, नरसीकडे नामदेव आणि आमच्या गंगाखेडात जनाबाई. लातूर, नांदेड आणि धाराशिवच्या लिंगायत घरांत मन्मथ, बसवराज, शिवलिंग ही नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. मुसलमान घरांत सातव्या दिवशीच्या अकीक्याला वडीलधाऱ्यांनी नाव ठरवायचे, आणि नांदेडच्या शीख घरांत गुरू ग्रंथसाहिब उघडल्यावर जे अक्षर प्रथम येईल त्यावरून नाव ठेवायचे, या रीतीही याच मातीतल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. त्यानंतर, विशेषतः 1956 च्या धम्मदीक्षेनंतर, मिलिंद, नागसेन, गौतम, सिद्धार्थ, प्रज्ञा या नावांची मुले ज्या घरांतून शाळेत येऊ लागली, त्याच घरांतल्या आधीच्या पिढीला लोकांनी कोणत्या नावांनी हाका मारल्या होत्या, हे जुनी रजिस्टरे उघडली की कळते. ज्या मराठवाड्याने विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षांचा संघर्ष पाहिला आणि 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार अनुभवला, त्याला नावाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जुनी रजिस्टरे उघडली की दुसरेही काही दिसते. दगडू, धोंडिबा, केरबा, कचरू, उकंडा, भिकाजी ही नावे आज हसण्यावारी नेली जातात. परंतु एका घरात दोन-तीन मुले दगावल्यावर पुढच्याला कोणाची दृष्ट लागू नये, सटवाईनेही त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, म्हणून आईबापांनी जाणूनबुजून केर-कचऱ्याचे आणि दगड-धोंड्याचे नाव दिलेले असे. त्या नावांत माया होती. हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मुलींच्या वाट्याला मात्र वेगळा हेतू आला. नकोशी, नकुसा ही नावे दृष्ट टाळण्यासाठी नव्हती, पुढची मुलगी टाळण्यासाठी होती. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, तेव्हा त्याच्या बातम्या देशभर झाल्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे केवळ 807 मुली होत्या, आणि हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. नाव बदलण्याचा समारंभ कौतुकाचा खराच. पण ज्यांना नाव मिळण्याइतकेही जगता आले नाही, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

पंचांगाचाही उल्लेख करायला हवा, कारण अनेक घरांत पहिले अक्षर तेच ठरवते. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण आणि प्रत्येक चरणाचे एक अक्षर, अशी 108 अक्षरांची ती मांडणी आहे. रोहिणीला ओ, वा, वी, वू. स्वातीला रू, रे, रो, ता. आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ आणि उत्तराभाद्रपदेच्या एका चरणाला ‘ञ’ येते. त्या चरणावर जन्मलेल्या बाळाचे काय करायचे, हे गुरुजी आपापल्या चातुर्याने निभावून नेतात. पूर्वी हे नावरस नाव पत्रिकेपुरते राहत असे आणि हाक मारायचे नाव निराळे असे. अलीकडे मात्र चरणाचे अक्षर आले म्हणून त्याच अक्षराचे नाव दाखल्यावर हवे असा आग्रह वाढला आहे, आणि अक्षर अवघड निघाले की नावाचा शोध लांबतो. शोध लांबला की नोंद राहते. माझ्या मूळ मुद्द्याकडे मी येथून येतो.

पूर्वी नोंद राहिली तरी चालून जात असे, कारण नाव कागदावर चढवण्याचे काम शेवटी शाळेतल्या गुरुजींकडे येई. ‘बाळ्या’ म्हणून आणून सोडलेल्या पोराला गुरुजी रजिस्टरमध्ये ‘बालाजी’ करीत, ‘दत्त्या’चा ‘दत्तात्रय’ होई, आणि जन्मतारीख विचारल्यावर ‘सुगीत झाला’ किंवा ‘मोठ्या दुष्काळाच्या साली’ असे उत्तर आले की तारखेच्या रकान्यात 1 जून पडे. मराठवाड्यातल्या साठी ओलांडलेल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. कार्यालयांतले शिपायापासून साहेबापर्यंत अनेक जण 31 मे रोजी एकदम निवृत्त होतात, त्याचे कारणही तेच. त्या व्यवस्थेत दोष होते. पण तिने माणसाला अडवले नाही.

आता ती व्यवस्था उरलेली नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 यात 2023 साली सुधारणा झाली आणि ती 1 ऑक्टोबर 2023 पासून अमलात आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकासाठी शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, पासपोर्ट आणि सरकारी नेमणूक या सर्व ठिकाणी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. गुरुजींच्या अंदाजाला तेथे जागा नाही, आणि नसावीही. परंतु दाखल्यावर बाळाचे नावच नसेल तर त्या दाखल्याचा उपयोग किती?

नाव नसलेला दाखला ही दुर्मीळ गोष्ट नाही, हे शहरातल्या वाचकांना कदाचित खरे वाटणार नाही. कायद्याप्रमाणे जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ती खबर दवाखानाच देतो, आणि तेव्हा बारसे झालेले नसते. त्यामुळे नोंद नावाविना होते. कायद्याच्या कलम 14 ने त्याची सोय केलेली आहे: आईवडिलांनी किंवा पालकांनी नंतर निबंधकाकडे, म्हणजे जन्माची नोंदवही ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नाव तोंडी किंवा लेखी कळवायचे असते. नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांच्या आत कळवले तर कोणतेही शुल्क पडत नाही. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव चढवता येते. सोय चांगली आहे, परंतु तिची माहिती देणारे कोणी नाही. दवाखान्यातून घरी जाताना हातात जो कागद पडतो, त्यालाच लोक दाखला समजतात. लसीकरणाच्या कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव असते, आणि तेच कार्ड मूल पाच वर्षांचे होईपर्यंत घडी घालून डब्यात ठेवलेले असते.

यात आपल्याकडची आणखी एक रीत भर घालते. पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी सासरी परभणी जिल्ह्यात आणि माहेर लातूर जिल्ह्यात असेल, तर जन्म जेथे झाला तेथेच, म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या हद्दीत, नोंद होणार. बारसे माहेरी होते. नाव ठेवायला आत्या सासरहून येते. सव्वा महिन्याने किंवा तिसऱ्या महिन्यात बाळंतीण घरी परतते आणि नोंद मागे राहते. सासरच्या गावी ग्रामपंचायतीत विचारले, तर नोंद आमच्याकडे नाही, असे उत्तर मिळते, आणि ते खरेच असते. माहेरच्या माणसांना वाटते, नावाचे सासरचे बघतील. सासरच्यांना वाटते, दवाखान्याचे काम माहेरच्यांनी उरकले असेल. माहेर-सासर दोन्ही जवळ असणाऱ्यांचे भागून जाते. बाकीच्यांची वर्षे निघून जातात.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचे हाल याहून अधिक आहेत. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या काळात फडावर किंवा कोपीत बाळ जन्मले, तर त्याची नोंद तेथल्याच हद्दीत व्हायची. आमच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाला एक आई आली, ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तिने कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली तीन कागदपत्रे काढली: लसीकरणाचे कार्ड, त्यावर ‘बेबी ऑफ’, सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा, आणि आधार कार्ड, त्यावर मुलीचे घरात लाडाने रूढ झालेले नाव. बारशात ठेवलेले नाव चौथेच होते आणि ते फक्त तिच्या तोंडी होते. मुकादमाने टोळी दरवर्षी वेगळ्या कारखान्याला नेलेली, त्यामुळे त्या ग्रामपंचायतीचा रस्ताही तिला नीट आठवत नव्हता. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि तो नाकारला गेलाही नाही. परंतु कोणते नाव लिहायचे, हा प्रश्न रजिस्टर उघडून बसलेल्या माणसापुढे राहतोच. नाव चढवण्याचे विलंब शुल्क किरकोळ असते. पण परभणीहून सांगलीला दोन माणसांनी जाऊन यायचे, तेथे साहेब बैठकीला गेलेले असले तर मुक्काम करायचा आणि तेवढ्या दिवसांचा रोज बुडवायचा, हा खर्च त्या घराला झेपणारा नाही.

महाराष्ट्र शासनाने एक चांगला निर्णय घेतला, त्याचे स्वागत मी करतो. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे आहे. आईचे नाव मागच्या स्वतंत्र रकान्यातून पुढे आले, हे फार दिवसांनी झाले. मात्र ते अमलात आणताना आपल्या घरातली एक जुनी रीत आडवी येते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहायचे, ही हौस अजून संपलेली नाही. परिणामी बाईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे नाव, आणि आधारवर यांपैकी जे त्या दिवशी सांगितले गेले ते नाव, अशी स्थिती होते. माहेरी बाळंतपण झाले की दवाखान्यात तिचे माहेरचे नाव लागते. बाळाच्या नावातही मग तेच जाते. आणि सासरी आल्यावर मुलाच्या दाखल्यातली आई आणि रेशन कार्डातली आई या दोन निरनिराळ्या बाया ठरतात. माझे मत काहींना रुचणार नाही, तरी लिहितो: बाळाचे नाव कागदोपत्री सुरळीत असावे असे ज्या घराला वाटते, त्याने आधी सुनेचे नाव बदलू नये. तिच्या आईबापांनी ते एकदा ठेवलेले आहे.

अक्षरांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सर्वाधिक खेटे त्यामुळेच पडतात. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कोणी ‘डी’पासून लिहितो, कोणी ‘जी’पासून, ऋतुजा कोठे ‘आर यू’ने सुरू होते तर कोठे ‘आर आय’ने. इंग्रजीत टंकलेले नाव संगणक मराठीत फिरवतो, तेव्हा ‘ळ’ आणि ‘ण’ यांचे सर्वाधिक हाल होतात: बाळासाहेबांचे बालासाहेब होतात आणि प्रणवचा प्रनव. वडिलांचे नाव एका ठिकाणी दत्ता, दुसऱ्या ठिकाणी दत्तात्रय आणि सातबाऱ्यावर दत्तराव. पूर्वी अशी तफावत प्रतिज्ञापत्रावर भागत असे. आता विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी शाळेच्या नोंदीतले नाव आणि आधारवरचे नाव जुळावे लागते, आणि तेथे एका अक्षराचा फरकही यंत्र स्वीकारत नाही. मग आधार केंद्रावर दिवस मोडायचा, तेथे जन्मदाखला मागतात. दाखल्यात चूक असेल तर निबंधकाकडे जायचे. कलम 15 नुसार निबंधक नोंदीतली चूक दुरुस्त करतो, ती समासात लिहून आणि मूळ नोंद न पुसता. पण आईबापांचे मन बदलले, आता दुसरे नाव आवडते, ही कायद्याच्या दृष्टीने चूक नव्हे. नंतर नाव बदलायचे तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेण्याचा मार्ग उरतो, आणि ‘गॅझेट करून आणा’ हे वाक्य ज्याने खिडकीपाशी ऐकले आहे, त्याला पुढचा हेलपाटा सांगायला नको.

नोंदीचे महत्त्व मराठवाड्याला गेल्या काही वर्षांत फार जवळून कळले आहे. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. प्रवेश-निर्गम रजिस्टर, खासरा पत्रक आणि गाव नमुना नंबर 14, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, यांची पाने लोकांनी बोटांनी चाळली. आरक्षणाच्या वादात मला येथे शिरायचे नाही. परंतु त्या पानांवर पणजोबांची नोंद शोधणाऱ्या अनेकांना बाळाच्या जागी नुसते ‘मुलगा’ आणि पुढे बापाचे नाव एवढेच सापडले. तो मुलगा म्हणजे आपले आजोबा की त्यांचा भाऊ, हे सिद्ध करण्यासाठी वंशावळी लिहिताना किती घरे दमली, हे तहसीलच्या आवारात ज्याने पाहिले, त्याने आपल्या नातवाच्या नावाचा रकाना कोरा ठेवू नये, अशी माझी अपेक्षा आहे.

आता प्रत्यक्ष नावाविषयी थोडे. नवी नावे वाईट नाहीत. शिवांश, अद्विक, रेयांश, कियान, अन्वी, शिवन्या ही नावे आमच्या अंगणवाड्यांतही आली आहेत, आणि वेगळे म्हणून ठेवलेले नाव एकाच वर्गात तीन वेळा पुकारावे लागते, ही गंमत पूर्वी ज्ञानेश्वर आणि बालाजी यांच्या बाबतीत होती तीच आज आहे. अर्थ विचारला की मोबाइल पुढे केला जातो आणि त्यात प्रत्येक नाव सूर्याचे, विष्णूचे किंवा शक्तीचे निघते. कोशात मात्र ते मिळेलच असे नाही. माझी कसोटी साधी आहे. घरातल्या आजीला ते नाव ओसरीवरून अंगणापर्यंत हाक मारता यावे आणि गावातल्या कारकुनाला ते एकदा ऐकून लिहिता यावे. आजीच्या तोंडी न बसणाऱ्या नावाचे आठ दिवसांत ‘सोन्या’ किंवा ‘पिंटू’ होते, पुढे आधारच्या केंद्रावर तेच सांगितले जाते, आणि एका मुलाची दोन नावे होण्याची सुरुवात तेथूनच होते. लाडाचे नाव अवश्य असावे. ते केंद्रावर सांगू नये.

नाव निश्चित झाले की ते एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत सुवाच्य लिहावे. बाळाचे, आईचे, वडिलांचे आणि आडनाव, चारही. आणि तोच कागद प्रत्येक ठिकाणी पुढे करावा. निबंधकाने नाव चढवल्यावर दाखला हातात घेऊन खिडकीपाशीच वाचावा, घरी जाऊन नव्हे. बारशाच्या खर्चाच्या मानाने हे काम फुकट आहे.

शासनाकडेही एक मागणी आहे. बाळाला गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, आणि विनाशुल्क नावनोंदणीची मुदत 12 महिन्यांची आहे. म्हणजे त्या लसीच्या दिवशी साधारण तीन महिने हातात असतात. आशाताई त्या दिवशी कार्ड पाहतातच. कार्डावर अजून ‘बेबी ऑफ’ असेल, तर दाखल्यात नाव चढले का, एवढा प्रश्न त्यांनी विचारावा आणि नसेल तर आईकडून नाव लिहून घेऊन ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्यावे. जन्म दुसऱ्या जिल्ह्यात झाला असेल तर त्या अधिकाऱ्याने ते नाव तेथल्या निबंधकाकडे पाठवावे आणि नाव चढलेला दाखला परत मागवावा. नोंदणी संगणकावर आलेली असताना त्यासाठी आईने सांगलीला जाण्याचे कारण उरू नये. आशाताईंवर कामांचा बोजा आधीच मोठा आहे आणि मानधन अपुरे आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून या कामाचा वेगळा मोबदला त्यांना द्यावा. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या कार्यक्षेत्रातल्या ग्रामपंचायतींनी टोळ्या परत निघण्यापूर्वी तेथे जन्मलेल्या बाळांची यादी करून दाखले हातात द्यावेत. टोळ्या कधी निघणार, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आधीच ठाऊक असते.

आपल्याकडे माझी विनंती अशी, की यापुढे पुरवणीत नावांची यादी छापाल तेव्हा तिच्या शेजारी चार-पाच ओळींची एक चौकट द्यावी: खबर 21 दिवसांत, नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क, नोंद जन्म झालेल्या ठिकाणच्या निबंधकाकडे, आणि आईचे नाव दाखल्यात कसे हवे ते. मजकूर हवा असल्यास मी लिहून पाठवीन. यादीतली दोन नावे कमी केली तरी तेवढी जागा निघेल.

आपला नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
गंगाखेड, जि. परभणी